चौथे ऋण

सहा वर्षांखालील मुलाला शिकवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न भारतीय राज्यघटनेने अर्धा मोकळा ठेवला आहे. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्या वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या संगोपनाबाबत व शिक्षणाबाबत मात्र राज्य प्रयत्नशील राहील, एवढे म्हणून अनुच्छेद ४५ थांबला. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने मुलाला नजीकच्या शाळेत घालणे पालकावर बंधनकारक केले, परंतु तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितली नाही, त्यामुळे थोरल्या मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचे कायद्यातील स्थान आजही संदिग्ध आहे. धाकट्यांच्या बाबतीत तशी संदिग्धता उरत नाही, कारण तीन-चार वर्षांचे मूल घरी शिकत असतेच, कोणी शिकवायचे ठरवो वा न ठरवो. तेव्हा त्याला घरी शिकवावे की नाही, हा वाद या वयापुरता गैरलागू ठरतो. घरातले हे शिकणे कोणत्या वृत्तीने घडते आणि ते कोणाच्या मालकीचे असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो मुळात धर्मविचाराचा प्रश्न आहे.

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. एका बाजूला छावणीचा परिसर, पुढे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय आणि बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ अशा शेजारामुळे बदलीच्या नोकरीची माणसे येथे येतात, काही वर्षे राहतात आणि जातात. अशा वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे घरच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुटुंबापेक्षा अधिक टोकदार होऊन उभा राहतो. दाराबाहेर हिंदी आणि अवधी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. पाढे, श्लोक, सणवार, नातीगोती आणि जेवणाचे ताट हे सारे मराठीत मुलापर्यंत पोहोचवणारी शाळा त्या घराच्या चार भिंतींपलीकडे नसते. घराने ते काम केले नाही तर ते होतच नाही. त्यामुळे घराचे कर्तव्य म्हणजे काय, याची कसोटी पाहण्यास अशी जागा पुण्यातील एखाद्या उपनगरापेक्षा सोयीची ठरते.

प्राचीन ग्रंथांनी हे कर्तव्य क्रमाने सांगितले आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनकाशी बोलताना याज्ञवल्क्य जाणत्या माणसाचे वर्णन आई असलेला, वडील असलेला आणि आचार्य असलेला या क्रमाने करतो, आणि शांकरभाष्यात त्याचा असा उलगडा केला आहे की प्रथम नीट शिकवण देणारी आई, तिच्यानंतर वडील आणि उपनयनापासून समावर्तनापर्यंत, म्हणजे गुरुगृहातून परतण्याच्या विधीपर्यंत, आचार्य ज्याला लाभला तो तसा. उपनयन म्हणजे मुलाला अध्ययनासाठी आचार्याकडे नेण्याचा संस्कार. गृह्यसूत्रांत तो ब्राह्मणासाठी आठव्या, क्षत्रियासाठी अकराव्या आणि वैश्यासाठी बाराव्या वर्षी सांगितलेला आहे. त्याआधीचा काळ शास्त्रकारांनी घराच्या स्वाधीन केला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्पा म्हणून तीन ते आठ ही वर्षे निवडली, तेव्हा धोरणकर्त्यांच्या मनात गृह्यसूत्रे असण्याचे कारण नव्हते. तरी आठव्या वर्षाची ही सीमारेषा दोन अगदी वेगळ्या काळांतील माणसांना मुलाकडे पाहून सुचली असावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्रम सांगितला तरी मूळ आधार सांगायचा राहतो. तो ऋणांच्या कल्पनेत सापडतो. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो: ऋषींचे ऋण तो अध्ययनाने फेडतो, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. येथे ऋण हा शब्द उपकाराची जाणीव अशा सौम्य अर्थाने घ्यायचा नाही. जे घेतले ते परत करावेच लागते आणि परत केल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, असा तो रोकडा अर्थ आहे. ऋषींकडून आलेले ज्ञान ऋषींना परत करता येत नाही, म्हणून ते पुढच्याला द्यायचे. तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृहातून निघालेल्या शिष्याला आचार्य स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतःचे अध्ययन आणि दुसऱ्याला शिकवणे, या दोन्हींत हयगय करू नकोस असे बजावतो ते याच हिशेबाने. शतपथ ब्राह्मणाने या कल्पनेत दोन बदल केले, आणि पुढील विवेचन त्यांवरच उभे आहे. एक तर ऋण घेऊन जन्मणारा केवळ ब्राह्मण न राहता जो कोणी अस्तित्वात आहे तो प्रत्येक जण झाला. आणि तीन ऋणांना चौथे जोडले गेले, ते माणसांचे. हे चौथे ऋण आलेल्याला आसरा आणि अन्न देऊन फेडायचे असते.

घरी शिकवण्याच्या आधुनिक चर्चेत आधार दिला जातो तो हक्काचा. मूल आमचे, त्याला कसे वाढवायचे हे आम्ही ठरवू, राज्याने किंवा शाळेने त्यात पडू नये, असा तो युक्तिवाद असतो आणि शाळांचा कारभार पाहता त्याविषयी सहानुभूती वाटणे साहजिक आहे. पण ऋणाच्या भाषेत हा युक्तिवाद मांडताच येत नाही. कर्जदार आपण कर्ज कसे आणि कोणाला फेडू हे मालकी हक्काने ठरवत नसतो. मुलाला शिकवणारा पालक मुलाला काही बहाल करत नाही, तो आपल्याकडे साठलेले परत करत असतो. मूल हे त्या परतफेडीचे ठिकाण आहे, तिचे फळ नव्हे. एवढी एक गोष्ट मान्य केली की घरातील अगदी साध्या दैनंदिन उद्योगांकडे पाहण्याची नजर बदलते.

असे उद्योग मराठी घरांना नवे नाहीत. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावून शुभंकरोती झाली की परवचा म्हणायची, हा क्रम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असंख्य घरांत चालू होता. परवचा म्हणजे दिवसाअखेरचे घोकणे: पाढे, तिथी, वार, महिने, नक्षत्रे आणि त्याबरोबर अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. हे अपूर्णांक हौसेखातर नव्हते. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात पावशेर, अदपाव आणि सव्वा शेराचा हिशेब तोंडी करावा लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनेही दशमान झाली आणि औटकीचे प्रयोजन संपले. त्यानंतर ज्या घरांनी ती चालू ठेवली त्यांनी संस्कृती टिकवली असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु जे घोकणे बाजारात उतरत नाही ते मुलाच्या लेखी नुसते घोकणेच उरते, आणि मुलांना ते फार लवकर कळते. शुभंकरोतीची गोष्ट वेगळी आहे. तिला बाजाराचा आधार नव्हता, दिव्याचा होता, आणि दिवा अजून लागतो.

ताट वाढण्याचे उदाहरण अधिक जवळून पाहण्यासारखे आहे. मराठी ताटात वर मध्यभागी मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी आणि आमटी, आणि जेवणाऱ्याच्या समोर भात, अशी मांडणी ठरलेली असते. चार वर्षांच्या मुलाकडे चटणी वाढण्याचे काम दिले तर ते जेवणाऱ्याच्या समोर उभे राहून वाढते, आणि तेथे अडचण येते, कारण जेवणाऱ्याचा डावा हात वाढणाऱ्याच्या उजवीकडे असतो. मूल प्रथम स्वतःच्या डावीकडे चटणी वाढते. ती भाजीच्या जागी पडते आणि आजोबा ताट न हलवता हसतात. मग मूल एक युक्ती करते: ताटाला वळसा घालून जेवणाऱ्याच्या पाठीशी जाते, त्याच्या बाजूने पाहते आणि परत येऊन चटणी योग्य जागी टेकवते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने बार्बेल इनहेल्डर यांच्यासह १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीन डोंगरांच्या प्रतिकृतीचा जो प्रयोग वर्णन केला आहे त्याचा विषय हाच होता: समोर बसलेल्याला डोंगर कसे दिसत असतील हे लहान मुलाला सांगता येत नाही, ते स्वतःला दिसणारे दृश्यच सांगते. पियाजेच्या मुलांना डोंगरांभोवती फिरून पाहण्याचे काही कारण नव्हते. पंगतीतल्या मुलाला ते आहे, कारण चटणी चुकीच्या जागी पडली तर एक खरा माणूस खरोखरच खोळंबतो. दुसऱ्याच्या बाजूने पाहणे हा नीतिविचाराचाही आरंभ आहे आणि तो येथे कोणी शिकवलेला नाही.

दुसरे उदाहरण तेलीबागचे. अवधात थंडीच्या दिवसांत हिरवा मटार उदंड येतो आणि निमोना नावाची वाटलेल्या मटाराची आमटी घरोघर होते. आलेल्या मराठी कुटुंबांतही ती एक-दोन हिवाळ्यांत शिरते. त्यासाठी मटार सोलायचा म्हणजे उन्हात बसून तास-दीड तासाचे काम. शेंगेची शीर अंगठ्याने दाबली की ती उघडते, अंगठा आतून फिरवला की दाणे सुटतात. एखाद्या शेंगेत अळी निघते, एखादी पोकळ निघते, आणि मुलाने सोललेल्यांपैकी बरेच दाणे त्याच्या तोंडात जातात. पेन्सिल ज्या तीन बोटांनी धरायची त्याच बोटांचा हा सराव आहे, हे खरे. पण ते मुलाला सांगण्याची गरज नाही आणि मोठ्यांनीही ते विसरलेले बरे. याउलट आज पालकांसाठी सुचवल्या जाणाऱ्या उपक्रमांत राजमा, हरभरे आणि मूग मुद्दाम एकत्र करून मुलापुढे ठेवायचे आणि ते वेगळे करवून घ्यायचे, असा एक उपक्रम हटकून असतो. बोटांचा व्यायाम तोच, वर्गीकरणही तेच. पण वेगळी केलेली कडधान्ये दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळलेली दिसली की मुलाला त्या कामाचे स्वरूप उमगते, आणि तिसऱ्या दिवशी ते ताट उलथून टाकते. त्याला हट्टीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. खोटे काम नाकारण्याइतकी जाण त्याला आली आहे, एवढेच.

या भेदासाठी मराठीत एक तयार तात्त्विक चौकट आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांतील चौथ्या अध्यायाच्या विवेचनात कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन पदांचा त्यांनी स्वतःचा असा अर्थ लावला आहे. कर्म म्हणजे बाहेरची क्रिया. विकर्म म्हणजे त्या क्रियेत मन ओतणे, तिच्या जोडीला चालणारे आतले विशेष कर्म. आणि ही दोन्ही जुळली की क्रियेचा भार उरत नाही, ती करूनही न केल्यासारखी हलकी होते, ते अकर्म. जुन्या भाष्यकारांनी विकर्माचा अर्थ निषिद्ध कर्म असा केला होता, तो विनोबांनी सोडला. व्याकरणदृष्ट्या त्यावर वाद घालता येईल, पण लहान मुलाचे काम समजून घेण्यासाठी यापेक्षा नेमकी मांडणी सापडणे कठीण आहे. मटार सोलणाऱ्या मुलाचे विकर्म त्याच्या कर्माबरोबरच असते, ते वेगळे घालावे लागत नाही. मिसळलेल्या कडधान्यांसमोर बसलेल्या मुलाकडून कर्म होते, विकर्म होत नाही, कारण त्या कामातले मन मोठ्या माणसाचे आहे: बोटे वळतील का, शाळेच्या प्रवेशाला उपयोग होईल का, शेजारच्या मुलापेक्षा पुढे जाईल का. फलाशा येथे करणाऱ्याची नसून करवणाऱ्याची आहे. गीतेने कर्त्याला फळाची आसक्ती सोडायला सांगितली. दुसऱ्याच्या कर्मावर आपली आसक्ती चढवणाऱ्याचा विचार तिने केलेला नाही, आणि पालकांची अडचण बहुधा हीच असते.

येथे दोन मोठ्या शिक्षणविचारांचे पटत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात पाणी ओतणे, बटणे लावणे, टेबल पुसणे यांना व्यावहारिक जीवनाचे व्यायाम म्हणून स्थान दिले, पण त्यांचे निरीक्षण असे होते की मूल स्वच्छ झालेले टेबलही पुन्हा पुन्हा पुसते. त्याला पुसण्यातच रस असतो, टेबलात नसतो. गांधींची नई तालीम, जिची मांडणी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत झाली, ती उलट टोकाला होती: हस्तोद्योगातून खरी, उपयोगी वस्तू निघाली पाहिजे, तिने शाळेच्या खर्चाचा भारही उचलला पाहिजे. या दुसऱ्या मुद्द्यावर तेव्हाच आक्षेप आला की अशाने शाळा मुलांच्या मजुरीचे कारखाने होतील. सहा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत निवाडा करायचा तर तो असा करावा लागेल की काम घराच्या गरजेचे असावे, पण त्यातील मुलाचा वाटा मोजला जाऊ नये. मटार घराला हवा आहे. मुलाने किती सोलला, हे कोणी विचारू नये. मोजले की ते मजुरीकडे झुकते, गरज नसली की खोटे पडते.

या टप्प्यावर घराची थोरवी गाऊन थांबता आले असते, आणि पुष्कळ लिखाण तेथेच थांबते. परंतु घरचे काम हेच शिक्षण, हे वाक्य या देशात मुलींना शाळेबाहेर ठेवण्यासाठी शतकानुशतके वापरले गेले आहे. ज्या ऋणविचाराचा वर आधार घेतला त्यातही अध्ययनाचे ऋण प्रत्यक्षात स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना नाकारलेच गेले. ज्याला शिकण्याचा अधिकार नाही त्याला फेडण्याचेही काही उरत नाही, अशी ती व्यवस्था होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती घरांवर विश्वास टाकून भागणार नाही हे पक्के ओळखूनच. तेव्हा शाळेची सक्ती ही घराविरुद्धची आगळीक मानणाऱ्यांनी ती कोणी आणि कोणासाठी मागितली, हे आधी पाहावे.

आणि तरीही त्याच शतकात सर्वांत धाडसी शिक्षण घरात घडले आहे. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या तिच्या शिक्षिका झाल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्यासाठी विद्वानांचा रोष ओढवून घेतला आणि कर्नाटकात गंगामूळच्या जंगलात बिऱ्हाड केले; १८५८ साली तेथेच जन्मलेल्या रमाबाईंना पुढे आईनेच संस्कृत शिकवले. घरची कामे, यात्रा आणि पाठांतर यांतून वाढलेल्या या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, आणि १८८९ साली तिने मुंबईत शारदा सदन काढले. या दोन्ही घरांत जे शिक्षण झाले ते समाजाने नाकारलेले होते, म्हणून त्याला घराचा आडोसा लागला; पण आडोशात मिळालेली विद्या दोघींनी आडोशात ठेवली नाही. दोघींनी शाळा काढल्या. बृहदारण्यकातील आई-वडील-आचार्य हा क्रम रमाबाईंच्या बाबतीत विलक्षण उलटापालटा झाला, वडील आईचे आचार्य आणि आई मुलीची आचार्य, पण ऋण मात्र अगदी शतपथातल्या चौथ्या नियमाने फेडले गेले: आलेल्याला, आणि शारदा सदनात तर निराधार विधवेला, आसरा देऊन.

लखनौत याचीच दुसरी बाजू दिसते. हिंदुस्थानी संगीत हे घरात शिकण्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण मानले पाहिजे; उस्तादाचे मूल चालायला लागण्याआधी तंबोऱ्याखाली लोळत असे, त्याला कोणी धडा दिलेला आठवत नसे. पण ती विद्या घराण्याची होती, आणि बाहेरच्याला एक बंदिश मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे सेवा करावी लागे. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले आणि व्यवसायाने वकील असलेले विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हिंदुस्थानभर हिंडून या बंदिशी गोळा करत राहिले, मराठीत क्रमिक पुस्तक मालिका लिहून त्यांनी त्या छापल्या, आणि १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झाले, जे आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. छापील पुस्तकातून शिकलेला गवय्या आणि घरात वाढलेला गवय्या यांच्यातला फरक ऐकणाऱ्याला कळतो, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. घर उघडताना काहीतरी सांडतेच. प्रश्न फक्त इतका की ते सांडू नये म्हणून दार लावून घेणे हे ऋण फेडणे आहे की बुडवणे.

१९२६ हेच वर्ष बालशिक्षणाला वाहिलेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेचे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या शिक्षणतज्ज्ञांनी भावनगरात माँटेसरी पद्धतीचे भारतीय रूप घडवले होते. पण ताराबाईंचे खरे धाडस १९४५ नंतरचे, त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या तेव्हापासूनचे. दलित आणि आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर या दोघींनी बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेली. अंगणात झाड, शेण, खडे, बिया, शिंपले, पाने होती. महागडी साधने नव्हती, आणि खड्यांनी मोजता येते हे कळायला फार दिवस लागले नाहीत. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत असतील तेथे शाळा. आणि धाकटी भावंडे सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलींना मोकळे करण्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. या रचनेत मोठा तात्त्विक निर्णय दडलेला आहे. घर आणि शाळा यांतून एक निवडा, असे ताराबाईंनी कोणाला म्हटले नाही. मुलाचे काम, मग ते गुरे राखणे असो की भावंड सांभाळणे, ते जेथे आहे तेथे त्यांनी शिक्षण नेले, आणि त्या कामातला जो भाग मुलाला दडपत होता तेवढा मोठ्यांनी उचलला.

याच्या शेजारी लखनौचे आणखी एक वास्तव ठेवून पाहण्यासारखे आहे. १९५९ साली पाच मुलांवर सुरू झालेली सिटी माँटेसरी स्कूल ही येथील शाळा विद्यार्थिसंख्येने जगातील सर्वांत मोठी म्हणून गिनेसच्या नोंदीत गेली. रोमच्या त्या बालगृहाच्या नावाने एवढे विस्तीर्ण काही उभे राहावे, याचे आश्चर्य वाटते. त्यावर टीका करण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र एवढ्या मोठ्या शाळांच्या शहरात एखाद्या कुटुंबाने तीन वर्षांच्या मुलाला आणखी दोन-तीन वर्षे घरी, उन्हात, मटारापाशी ठेवायचे ठरवले तर त्याला मागासलेपणा म्हणता येणार नाही.

अडचण त्यापुढे आहे. तेलीबागसारख्या वस्तीत घरी शिकवण्याचा वेळ ज्या आईला मिळतो, तिला तो बहुधा दुसऱ्या एका आईच्या कामामुळे मिळतो. भांडी आणि केरफरशी करायला येणाऱ्या बाईचे चार वर्षांचे मूल त्या वेळी कोठे असते, हा प्रश्न मालकिणीच्या घरातील शिक्षणाच्या विचारात सहसा येत नाही. ते मूल कधी थोरल्या बहिणीकडे असते, आणि मग बहिणीची शाळा बुडते; कधी आईबरोबर येऊन दारात बसते. दारात बसलेले मूल घरातल्या मुलाला ताट वाढताना पाहत असते. लोकसंग्रह ही गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील कल्पना, म्हणजे लोकांना मार्गावर धरून ठेवणारे आचरण, सांगते की थोर म्हणवणारा जे करतो तेच इतर उचलतात. दारातले मूल काय उचलते हे त्यावरून ताडता येते. हक्काच्या भाषेत या मुलाचा विचार करण्याचे कारणच पडत नाही, कारण ते कोणाच्याच हक्काचे नाही. ऋणाच्या भाषेत ते थेट चौथ्या रकान्यात येते. त्याला मटाराची वाटी देऊन शेजारी बसवणे, ही त्या रकान्यातील लहानातली लहान नोंद झाली, आणि तीही सरळ होत नाही. जातीच्या आणि पगाराच्या आठवणी मध्ये येतात, खुद्द त्याच्या आईलाही ते अवघड वाटू शकते.

ज्या घरांकडून ही नोंद होत नाही त्यांच्या वतीने ती करण्याची काही व्यवस्था राज्याने केली आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाडीची कल्पना देशभर नेली आणि उत्तर प्रदेशातही आंगनवाडी केंद्रे आली. तेथे काम करणाऱ्या सेविका आणि मदतनीस शासनाच्या लेखी नोकरदार नाहीत. त्यांना पगाराऐवजी मानधन मिळते, म्हणजे त्यांचे काम सेवा समजले जाते आणि सेवेचा हिशेब ठेवायचा नसतो. मुलाचा वाटा मोजू नये हे जितके योग्य, तितकेच मोठ्याचे श्रम न मोजणे अयोग्य, हा भेद या व्यवस्थेला दीर्घकाळ दिसला नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधून आलेल्या प्रकरणात निर्णय दिला की सेविकांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि त्यांना दिले जाणारे मानधन हे त्या कायद्याच्या व्याख्येनुसार वेतनच आहे.